प्ले

अठ्ठावन्न हजार जमलेत, भिशीचे धरून.

राजारामपुरीतला दुकानदार म्हणाला, कन्सोल घे.
टीव्हीला लाव, बटण दाब, सात वर्षं उघडून बघायचं नाही.
शाहूपुरीतला म्हणाला, डब्बा कशाला घेतोस भावा,
आणखी वीस घाल, पीसी जोडून देतो,
काचेची पेटी, तीन पंखे,
आत लायटिंग मंडळाच्या मांडवासारखं.
दोघंही खरं बोलत होते. तीच अडचण.

रात्री वहीत दोन रकाने आखले.
इकडे गेम महाग,
तिकडे सेलमध्ये वडापावच्या भावात.
तिकडे दर दोन वर्षांनी कार्ड म्हातारं,
इकडे सगळ्यांचंच एकदम म्हातारं होतं, म्हणून कळत नाही.
लाईट गेली तर दोन्हीकडे अंधार.

मग हाताचा रकाना आला आणि पेन थांबलं.

कन्सोलच्या हातात धनुष्य ताणलं की ट्रिगर घट्ट होतो,
वाळूत चाललं की तळव्यात वाळू.
तोच कंट्रोलर पीसीला चालतो,
पण वायर लावली तर, आणि गेमची मर्जी असेल तर.
पीसीचा हात म्हणजे माउस, म्हणजे नेम.
आणि कीबोर्ड, म्हणजे दहा बोटं.

दिलावरचाचांना आठ आहेत.
उजव्या हाताची पहिली दोन
पॉवर प्रेसनं नेली, माझ्या जन्माच्या आधी.
उद्यमनगरात मी सीएनसीवर, ते पलीकडे जुन्या लेथवर,
मधे चहाची किटली.

सोन्याचा बिघडलेला कंट्रोलर घेऊन गेलो होतो शेडवर.
हात न लावता त्याचा खेळाडू डावीकडे चालत सुटायचा.
चाचांनी डोळे मिटून काठी हलवली,
इकडं, तिकडं, परत इकडं.
"प्ले आलाय लेका.
क्रॉस स्लाईडचा नट झिजला की असंच करतंय."
मी सांगितलं, नवीन काठ्यांत लोहचुंबक असतं,
आत काही घासतच नाही, म्हणून झिजत नाही.
"घासायचंच न्हाई?" म्हणाले,
आणि लेथ चालू केला.

शनिवारी त्यांना मंगळवार पेठेत नेलं, सोन्याकडं.
एकेकाळी चाचा पेठेच्या टीमचे राइट बॅक.
सोन्याचा नवा कंट्रोलर, मागं दोन जादा पट्ट्या.
बटणं हवी तिथं नेता येतात,
तर्जनीचं काम अनामिकेला दिलं,
सेटिंगमध्ये चार मिनिटं लागली.
चौथ्या गोलनंतर चाचा शिव्या देईनासे झाले.
सत्तराव्या मिनिटाला खेळाडू दमला
तसा ट्रिगर जड झाला त्यांच्या बोटाखाली.
हात जागीच थांबला.
"पोरगं दमलंय. बदली कर की त्याला."
सोन्या हसला. चाचा हसले नाहीत.

परत येताना गाडीवर मागून म्हणाले,
"टूल जॉबला लागलं की हँडलात असंच कळतंय बघ,
लोखंड किती नको म्हणतंय ते.
तुझ्या सीएनसीत कळतंय काय?"
मी गिअर बदलला.
नाही कळत.
स्क्रीनवर आकडा येतो, आकडा बरोबर असतो.

सोमवारी चहाच्या वेळी त्यांनी हातावर काहीतरी ठेवलं,
अजून गरम होतं.
पितळेची टोपी, कंट्रोलरच्या काठीवर बसेल एवढी,
कडेनं बारीक नर्लिंग, अंगठा घसरू नये म्हणून.
व्हर्नियर लावला. शंभरात एकाचाही फरक नाही.
"तुझ्या मशीनला," म्हणाले.
कुठल्या, ते विचारलं नाही.

वही तिथंच उघडी आहे, हाताचा रकाना कोरा.
पैसे पोस्टात.
शिफ्टभर टोपी खिशात फिरवतो अंगठ्यानं,
इकडं, तिकडं.
मशीन अजून घ्यायचंय.