शून्याच्या खिळ्यापाशी

रबाळ्यात, एमआयडीसीच्या ज्या गल्लीत
प्रत्येक शेडमागे एक कॉम्प्रेसर खोकत असतो,
तिथे माझं टेबल आहे.
टेबलावर डेड-वेट टेस्टर, चिमटे, सुई उपटायचा पुलर
आणि पोट उघडून ठेवलेले गेज.

आत फार काही नसतं.
चपटी केलेली पितळी नळी, विळ्यासारखी वाकवलेली,
एक टोक झाळ देऊन पक्कं,
दुसरं बंद, अधांतरी.
वाफ शिरो, तेल शिरो, हवा शिरो,
नळी सरळ व्हायला बघते.
होत नाही. नुसती बघते.
दोन-तीन मिलिमीटर, बस.
तेवढ्यावर कडी ओढली जाते,
दात्यांची पाकळी फिरते, इवलं चाक फिरतं,
आणि बाहेर सुई पाऊण वर्तुळ धावून येते
सगळं जणू तिनेच केल्यासारखी.

हे मढवींनी दाखवलं, मी नवी असताना.
"जत्रेतली कागदी पिपाणी बघितलीय ना,
फुंकली की उलगडते? तीच ही.
फक्त पितळेची, म्हणून लाजाळू."
हिराजी मढवी. घर गोठिवलीत, चालत सात मिनिटं,
तरी रोज उशीर.

पर्चेसचे धारप म्हणाले,
एकच प्रकार मागवू. सगळे ग्लिसरीनवाले.
दिसतातही बरे.
मढवींनी चहाचा कप खाली ठेवला.
"पंपावर भरलेलाच घ्या.
तिथे कोरड्याचे दाते महिन्यात झिजतात,
ग्लिसरीनमध्ये सुई मधात पडलेल्या मुंगीसारखी शहाणी होते.
पण टाकीवर? टाकी कशाला नाचेल?
कोरडा पुरे. गळायचं नाही, पिवळं पडायचं नाही,
पैसेही तुमचेच वाचतील.
आणि ऑक्सिजनच्या लाइनवर ग्लिसरीन आणणार असाल
तर त्याआधी माझी रजा मंजूर करा."

"मग तीन नंबरचा कॉम्प्रेसर?" धारप.
तिथे कोरडा गेज होता.
सुई दिसायचीच नाही,
सहा ते आठच्या मध्ये नुसता धूसर पंखा.
मढवींनी चष्मा काढला, काचेला नाक लावून उभे राहिले.
"तोही बदलू. पण आज नको.
काल ती अशी थरथरत नव्हती."

दुपारी मशीन उघडलं.
व्हॉल्व्हच्या पट्टीला केसाएवढी चीर.
भरलेल्या गेजने सभ्यपणे सात किलो सांगितलं असतं,
आणखी आठवडाभर,
पट्टीचा तुकडा सिलिंडरमध्ये पडेपर्यंत.

नवी पट्टी बसल्यावर
तिथे भरलेला गेज त्यांनी स्वतःच लावला.
पान्याचं तोंड नटावर बसेना.
टक, टक, टक,
धातूवर धातू, फार बारीक.
मशीन तर बंद होतं.
मी पाना धरला. त्यांनी धरू दिला.
दोघंही काही बोललो नाही.
वरचं रबरी बूच कापून
आतला बुडबुडा मोकळा करायचा असतो,
ते त्यांनी मलाच करायला सांगितलं.

मार्चमध्ये ते निवृत्त झाले.

आज भंगारातून एक गेज आलाय.
सुई शून्याच्या खिळ्याला टेकलेली.
लाइन रिकामी असली तरी ती इथेच टेकते,
आत नळी फुटली असली तरी इथेच.
काचेबाहेरून दोन्ही सारखंच शांत.
मढवी अशा वेळी टिचकी मारायचे,
एकदा, मग कान देऊन पुन्हा एकदा.

रविवारी मी फोन करते.
"कसे आहात?"
"एकदम निवांत," ते म्हणतात. "तू सांग."
मी तिकडची बशी वाजताना ऐकते,
थोडं थांबते,
आणि पुन्हा विचारते.