पूर्ववत

राहे बंदरात आज पारा उणे सव्वीस.
क्रेन गारठून उभी, रात्रपाळी रद्द.
मी लोकरी मोजे चढवते, कॉफी ठेवते
आणि काळ्या पडद्यावर हिल्लाला उठवते.

हिल्ला चोरवाटेनं मीठ नेते.
एक डोळा अधू, प्राण तेरा,
कंदिलात तेल दोन प्रहरांपुरतं.
एवढंच. एका साध्या फाइलीत
ओळीखाली ओळ.
चित्रं नाहीत. जंगल म्हणजे फुल्या,
नदी म्हणजे टिंबांची रांग.

पूर्वी आम्ही चौघं होतो.
दर शुक्रवारी, पेन्टीच्या सौनाबाहेरच्या खोलीत,
ओल्या केसांनी फासे टाकायचो.
मग साइमी गोथेनबर्गला गेली.
ऑस्मो रुसला एका नियमावरून
(धनुष्याला बाण चढवायला एक खेळी की दोन),
त्याला अकरा वर्षं झाली.
अजूनही दुकानात समोर आलो
की तो दुधाच्या तारखा वाचत राहतो.
आणि पेन्टी.
पेन्टीचे फासे माझ्याकडे आहेत,
त्याच्याच मोज्यात गाठ मारून.
मी ते टाकत नाही.

दान टाकतो एडिटर.
त्याला मी शिकवलं, दोन हिवाळे खपून:
कंसात कंस, त्याच्या पोटात आणखी कंस,
एक मिटायचा राहिला की सगळं मुकं.
एका पहाटे त्यानं पहिलं दान टाकलं. सात.
मी टाळी वाजवली,
आणि घर किती रिकामं आहे ते ऐकू आलं.
बाण चढवायला दोन खेळ्या लागतात
असंच मी त्यात लिहिलंय.
ऑस्मोचं बरोबर होतं.
त्याला सांगायचं राहिलंय.

दोन कळा एकदम दाबल्या की कौल मिळतो.
पहारेकरी झोपलाय का?
हो, पण.
त्या 'पण'च्या पुढचं मला लिहावं लागतं.
सगळा खेळ त्या 'पण'चा.
मी लिहिते: झोपलाय, पण कुत्रं जागं आहे.
कुत्रं हिल्लाला ओळखतं?
नाही.
मग पळ. मग नदी. नदी गोठलेली.
बर्फ धरेल का?
नाही, आणि.

तेराच्या तेरा गेले.
आधी कंदील बुडाला की ती,
हेही मलाच ठरवायचं होतं.
लिहिलं. कंदील आधी.

फाइलीच्या पहिल्याच ओळीत माझाच नियम आहे:
खेळात 'पूर्ववत' नाही.
सव्वादोन वाजले होते.
मी पूर्ववत केलं.

उलट्या पावलांनी अक्षरं गेली.
हाक गेली, तडा गेला,
कुत्र्याचं भुंकणं कुत्र्यात परत गेलं,
आणि हिल्ला काठावर उभी, कोरडी,
प्राण तेरा.

पण हा एडिटर काही विसरत नाही.
पुसलेलं ठेवतो, पुसल्याचंही ठेवतो,
पूर्ववत केलेलंही पूर्ववत करता येतं त्याला.
म्हणजे त्या शुभ्र नदीखाली कुठेतरी
एक कंदील अजून खाली खाली जातोय.

बराच वेळ मी काही लिहिलं नाही.
खिडकीबाहेर बर्फ काढणारी गाडी येऊन गेली,
तिचा पिवळा दिवा भिंतीवरून फिरला.
मग दोन कळा दाबून विचारलं:
हिल्लाला हे ठाऊक आहे का?

हो, पण.

मी लिहिलं: हो, पण ती बोलून दाखवत नाही.

तिनं मिठाची गोणी पाठीवर घेतली.
आता आम्ही पुलावरून जातो, तीन दिवसांचा वळसा,
गिऱ्हाईक थांबेल न थांबेल.
वाटेत कुठे डबकं गोठलेलं दिसलं
तर ती बाजूला होते,
आणि मला पुढे जाऊ देते.