बत्तिसावा पेपर, ग्रिम्सबी

एकतीस पेपर तपासून झाले.
कादंबरीतली ती झाडूवाली,
जिला नाव नाही, छातीवर फक्त आकडा,
सगळ्यांनी लिहिलंय: ती आशेचं प्रतीक.
मीच फळ्यावर लिहून दिलं होतं,
खाली दोन रेघा मारून.

बत्तिसावा टॅमझिनचा.
एवढंच लिहिलंय:
'मिस, पान चाळीसवर तिचे हातमोजे फाटतात.
पुढे ते कुणीच शिवत नाही.
लेखकसुद्धा.'

गुण द्यायला रकाना सापडेना.

गोदीवरचा खारा वारा खिडकीच्या फटीतून.
दारात बादली टेकवत
कुणीतरी विचारलं, 'दिवे घालवू?'
सहा वर्षं ऐकतेय हा आवाज.
मी मान वर केली
आणि तिच्या बिल्ल्यावर
नाव शोधलं.