नेव्रा, थांब जरा

नेव्रा, थांब जरा. पॉज दाबलंय मी.
बाहेर केमीचा समुद्र काठापासून गोठलाय,
दुपारी बर्फफोडी बोट गेली, तिचा काळा ओरखडा
एव्हाना पुन्हा सांधला असेल.
आई वृद्धाश्रमात, रात्रपाळीला.
म्हणजे आपण दोघीच.
आणि तो ओड, तुझ्या मागे, तीन पावलांवर.

पहिला प्रश्न साधाच आहे.
चाळीस सेकंद कुणी बटण दाबलं नाही की तू म्हणतेस,
"चल ना, उजाडेल आता."
हे कुणाला? ओडला, की मला?
कारण ओडला चालवणारी साइमी
ऑगस्टात गेली गोथेनबर्गला.
गिरणी बंद पडली, तिच्या बाबांना तिकडे काम मिळालं.
पूर्वी वारा फिरला की गावभर सडक्या कोबीचा वास,
कागद शिजायचा तो.
आम्ही नाकाला मफलर लावून शाळेत जायचो.
आता हवा इतकी स्वच्छ आहे
की तिला नावं ठेवायलाही कुणी उरलं नाही.

ओड उभाच असतो. श्वास घेतो. मान खाजवतो.
एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकतो.
त्याच्या आतून कुणी उठून गेलंय, हे त्याला कळलंय का?
तुला माझ्याआधी कळलं होतं?
शेवटच्या आठवड्यात तो सोप्या सोप्या उड्या चुकवत होता
आणि मी ओरडत होते, लक्ष कुठंय तुझं!
लक्ष खोक्यांत होतं. मला सांगायचं राहून गेलं होतं तिचं,
किंवा राहू दिलं होतं.

मागच्या महिन्यात त्यांनी तुझा चेहरा बदलला.
गालावरचा भाजल्याचा डाग पुसट केला,
आवाज दुसऱ्याच बाईचा.
लोक चिडले. मीही.
पण तू? दिव्याच्या तेलात वाकून पाहिलंस तेव्हा दचकलीस?
आणि ओड काही म्हणाला?
की काहीच न म्हणणं, तीन पावलांवर चालत राहणं,
यालाच तुमच्याकडे मैत्री म्हणतात?

मला खरंच माहीत नाही.
नाताळात साइमी आली, केस कानापर्यंत कापलेले.
मी खिशातली सालमियाक्कीची पुडी पुढे केली,
तर म्हणाली, "नको, हल्ली नाही आवडत."
हल्ली!
चार महिन्यांत कुणाला हल्ली असतं का?
तुला अशा वेळी तीन पर्याय दिसतात:
समजून घे, टोमणा मार, विषय बदल.
मला एकही दिसला नाही.
मी पुडीतल्या उरलेल्या सगळ्या खाल्ल्या,
जीभ काळी होईपर्यंत.

मग तिनं विचारलं, बुटाची लेस बांधता बांधता,
"माझ्याशिवाय पुढे गेलीस का गं?"
"छे," म्हटलं मी.

तू साक्षीला होतीस, नेव्रा. गप्प राहिलीस.
चौथ्या बेटावरचा तो पूल,
दोन साखळ्या, दोघांनी एकाच क्षणी ओढायच्या.
तू माझ्या हातात,
आणि साइमीचा कंट्रोलर जमिनीवर, माझ्या पायाच्या अंगठ्याखाली.
अकरा वेळा तुम्ही दोघं पाण्यात गेलात.
बाराव्यांदा पूल खाली आला
आणि तू म्हणालीस, "तू आहेस म्हणून जमलं."

कुणाला म्हणालीस?
त्याची चाल वेगळी नाही वाटली तुला?
जरा अडखळणारी, मोज्यातली?
की साखळीचा आवाज आला, तेवढं पुरलं?

तिला सांगून टाकू का मी?
म्हणजे, पुढे गेल्याचं नव्हे. अंगठ्याचं.
ती हसेल. पूर्वी नक्की हसली असती,
पोट धरून, सोफ्यावरून घसरत.

बरं, लगेच उत्तर नको देऊस.
आई सहाला येईल, तोवर वेळ आहे,
आणि समोर अजून एक पूल दिसतोय.
थांब. मोजा काढते.