निर्गुडी

मेडिकलच्या एक्स-रे खोलीत
दिवसाला चाळीस गुडघे पाहते मी.
हाडाला हाड टेकलेलं,
मधली फट गेलेली,
कडेला बोरीच्या काट्यासारखं काही उगवलेलं.
सगळं दिसतं पडद्यावर.
दुखतं ते दिसत नाही.

घरी, तांडापेठेत,
डोमाजी पराते, वय एकोणऐंशी, माझे वडील,
स्वतःच्याच गुडघ्याची प्रिंट उलटी धरून म्हणतात,
"हे त मागाचं चित्र आहे, पोरी.
इकडून ताणा, इकडून बाणा.
मधात सूत तुटलं, इतकंच."
डॉक्टर म्हणाले, बदलून टाकू.
हे म्हणतात, निर्गुडी आण.

इतवारी स्टेशनमागच्या भिंतीला,
छोटी लाईन होती तिथं,
काचा-कचऱ्यातून उभी आहे ती,
कुणी न लावलेली.
पाच बोटांचं पान, खालून राखेच्या रंगाचं.
चुरगळलं की वास, कडसर,
जुन्या धान्याच्या कोठीतला.
ड्युटीच्या कपड्यांतच चार फांद्या ओरबाडते,
तर पानठेलेवाला विचारतो,
"बकरी पोसली का मॅडम?"
"बोकड आहे," म्हणते. "गुडघे धरलेत त्याचे."

तव्यावर पानं मलूल होतात.
वर एरंडेलाचं बोट.
चौपन्न वर्षं खड्डामागात सोडलेले पाय
आता पाटावर सोडून बसलेत ते.
मी पानं ठेवते, फडकं गुंडाळते,
आणि ऊब आत पोचली की
उजवा पाय आपोआप दबतो,
मग डावा,
मग उजवा.
माग तर केव्हाच गेला, सरपणाच्या भावात.
खड्डा बुजवून त्यावर फ्रिज ठेवलाय आम्ही.

"कमी झालं का, बाबा?"
"दुखते तेवढंच.
पण एकटं नाही दुखून रायलं."

काल मला वरचा डबा काढता येईना.
शिशाचा एप्रन, सव्वीस वर्षं, याच खांद्यावर.
या खांद्याचा फोटो काढलेला नाही मी.
मशीन हाताशी असून.

मी काही बोलले नव्हते.
भिंत धरत धरत ते गॅसपाशी गेले.
दोन पानं करपवली,
काडेपेटी सांडली,
स्वतःलाच शिवी दिली.
मग जुन्या धोतराची पट्टी
काखेखालून नेली, खांद्यावर आणली,
आणि गाठ मारली, कोष्ट्याची,
तुटल्या सुताला मारतात ती,
कापडावरून हात फिरवला तरी लागत नाही ती.

रात्री बोटांनी शोधत राहिले.
सापडली नाही.
सकाळी कात्री घ्यावी लागली.

त्वचेवर पानांचे ठसे होते, हिरवट, पाच पाच बोटांचे.
ते तसेच ठेवून वर एप्रन चढवला.
पहिला पेशंट आत आला.
गुडघा, डावा.
म्हटलं, हळू. घाई नाही. टेकून उभे राहा.