पाच मिली

रविवारी उपासना सुटली की
छावणीतल्या आमच्या घरी आदाम येतो.
शेवेची बशी आणि चहा यांच्या मधे त्याला बसवतात.

शलमोनदादा म्हणतो, पाप करायला आधी कळावं लागतं.
तान्ह्याला कसला बाप्तिस्मा?
जाणतं होऊ दे, मग उतरेल पाण्यात आपल्या पायांनी.
एलियाजर भावोजी चष्मा पुसतात :
कळण्याचा प्रश्नच नाही, मूळ नासलंय.
झाडच आंबट, तर कैरीला कोण विचारतं?
कैरी आंबटच असते हो, मी आतून म्हणते.
कुणी ऐकत नाही.
देव निवडतो, भावोजी म्हणतात,
निवडलेल्यांत तान्ही किती, ते त्याचं त्याला ठाऊक.

शेजारचे सिल्वेस्टर सर कॅथलिक. बिस्किट बुडवून बराच वेळ गप्प.
मग : आमच्याकडे पूर्वी एक ओसरी सांगत,
अशा बाळांसाठी. तिथे आग नाही, पण दर्शनही नाही.
आता ती कुणी सांगत नाही. आता म्हणतात, दयेवर सोपवा.
बिस्किट तुटून कपात पडतं.

मी बशा उचलते.
वारसा म्हणतात तो मला थोडा कळतो.
बाबांकडून मला दमा आला, दादाला हे घर.
दम्यासाठी मी अर्ज केला नव्हता.

एकतीस वर्षं झाली. एमवायचा प्रसूती वॉर्ड, रात्रपाळी.
जलूदला पाइप फुटलेला, तीन दिवस नर्मदा आली नव्हती,
नळ नुसते खोकत होते.
थांदल्याची मार्था डामोर, सव्विसावा आठवडा,
नवरा रिंग रोडच्या कामावर, त्याला निरोप पोचलेला नाही.
चिठ्ठीवर लिहिलं : मार्थाचं बाळ, मुलगा, सातशे ऐंशी ग्रॅम.
मी काट्यावर दोनदा ठेवला त्याला.
दोन्ही वेळा तेवढाच.
आदाम त्यात कुठे मावला असेल
हे तेव्हा सुचलं नाही. आता बशा विसळताना सुचतं.

मार्थानं माझा पदर धरला.
सिस्टर, फादर नहीं आएँगे. आप ही पानी डाल दो.

मी दादाच्या मताची. तेव्हाही होते.
या बाळाला कशाचीच गरज नाही, असं मी मानत होते,
आणि बादलीत पाणी शोधत होते.
बादलीत झाडूवाल्या बाईनं फडकं पिळलेलं.
तेव्हा ट्रेमधली कुपी घेतली,
इंजेक्शनात मिसळायचं पाणी, पाच मिली,
कुठल्याही नदीचं नाही.

नाव, मार्था म्हणाली.
माझ्या तोंडात बाबांचंच आलं : याकोब.
तिघांच्या नावानं, तीनदा. त्याच्या कपाळावर तीन थेंबांना जागा नव्हती.
पहाटे चार चाळीस.
श्वास त्यालाही पुरला नाही.

यातलं मी घरात काही बोललेले नाही.
दादा म्हणेल, ताबिथा, विनाकारण. देवावर भरवसा नव्हता का?
भावोजी विचारतील, तुझ्यावर हात कोणी ठेवले होते?
सर खरंच काळजीनं विचारतील,
पाणी वाहिलं का? वाहायला हवं, नुसतं टेकवून चालत नाही.
वाहिलं, सर.
त्याच्या कानामागून माझ्या मनगटावर आलं,
घड्याळाच्या पट्ट्याखाली गेलं.

कुपी फ्रिजमधून नुकतीच काढलेली, हे कुणी विचारणार नाही.
त्या कातडीवर गार पाणी कसं घालायचं?
कागदासारखी कातडी, आतलं सगळं दिसत होतं,
पाप सोडून सगळं.
मी कुपी मुठीत धरून उभी राहिले.
जल्दी करो, सिस्टर, मार्था म्हणत होती,
तिच्या हिशोबानं एकेक क्षण स्वर्गातून वजा होत होता,
आणि मी,
पाणी जरा कोमट होईतो,
मूठ उघडत नव्हते.