साडेतीन जणी

टीव्हीवरची मुलगी एका श्वासात म्हणते,
अमुक लाख कोटी.
जिभेला काय, हाड नाही.

मला विचारा. लाख मी अंगठ्यानं ओळखते.
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये तेहेतीस वर्षं
ओल्या स्पंजवर बोट टेकवून नोटा मोजल्या.
शंभराची कोरी गड्डी, जेमतेम अर्धं पेर.
हजार म्हणजे हातात मावणारी वीट.
लाख म्हणजे सोमवारी सकाळी बसावं
आणि गुरुवारी डबा उघडायच्या सुमाराला उठावं.
त्याच्या पुढं अंगठा मुका.

परवा रामकुंडावर, जाऊबाईंच्या वर्षश्राद्धाला,
गुरुजी घाईत होते, अजून दोन घरं राहिली होती.
संकल्पात मधेच म्हणाले, द्वितीये परार्धे,
आणि भाच्याच्या तळव्यावरून पळीभर पाणी सोडलं.
एकावर सतरा शून्यं, गुरुजी!
अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी...
शाळेत छडीच्या धाकानं पाठ केलेलं
माझ्या ओठांवर आलं नि तिथंच राहिलं.
पाणी केव्हाच गोदेत मिसळलं होतं.
भाचा म्हणाला, मामी, जरा सरका.

रात्री झोप येईना.
लाइटबिलाच्या पाठीवर हिशेब मांडला:
सेकंदाला एक नोट, आठ तासांची पाळी,
वर्षाला तीनशे दिवस. (आजारपणं धरली नाहीत.
धाकट्याच्या वेळची रजाही नाही.)
आले अठ्ठावीस कोटी, एक्कावन्न लाख, वीस हजार.
अख्खी नोकरी, आणि एक अब्जही नाही!
अब्जाला माझ्यासारख्या लागतील
साडेतीन जणी.

एक मी. दुसरी फिलोमिना, जी मोजताना पुटपुटायची.
तिसरी जैबुन, जिला कधी एकही नोट कमी भरली नाही.
आणि अर्धी यमुना पगारे,
जिच्या बोटांना सोळाव्या वर्षी मुंग्या आल्या
नि साहेबानं पॅकिंगला धाडली.

सकाळी तिला फोन लावला.
म्हटलं, यमुने, अब्जात तू अर्धी.
म्हणाली, मग काय झालं?
साडेतीन पीठांत आपली वणीची पण अर्धीच.
तिच्या पायऱ्या तरी कधी धड मोजल्या आपण?

खरंय.
दोघी मोजणाऱ्या, दोघी पगारी,
दर चैत्रात चढायचो मनात आकडा धरून,
आणि वर पोचलो की
तिच्या नि माझ्या पायऱ्यांत
अकराचा फरक.